वाचक विचारतात: बर्फातली वाट

प्रश्न: डिसेंबरअखेर उत्तराखंडात केदारकांठा शिखराच्या ट्रेकला जातोय. नागपूरच्या थंडीत एका स्वेटरवर भागतं. तिथे उणे १० असेल तर दोन स्वेटर, जीन्स आणि तीन जोडी मोजे पुरतील ना? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर: जीन्स आणि सुती बनियन घरीच राहू द्या. बर्फात थंडीपेक्षा ओल जास्त छळते. सुती कापड घाम धरून ठेवतं, आणि चढण संपवून तुम्ही थांबलात की तोच घाम अंगावर गार पडतो. अंगालगत पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकर, त्यावर फ्लीस (मऊ, लवदार, उबदार कापडाचं जॅकेट), सगळ्यांत वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. पिसांचं जाड जॅकेट चालताना घालायचं नाही. ते थांबल्यावर लगेच चढवायचं. सकाळी निघताना थोडी थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर आहेत.

तीन जोडी मोज्यांनी बूट आवळतो, बोटांना रक्त कमी पोचतं आणि पाय उलट जास्त गारठतात. एक पातळ आणि एक जाड लोकरी मोजा पुरे. बूट दुकानात हेच मोजे घालून बघा, आत बोटं मोकळी हलली पाहिजेत. एक कोरडी जोडी फक्त झोपण्यासाठी राखून ठेवा, कितीही मोह झाला तरी ती दिवसा घालू नका. घोट्यावरून बर्फ आत शिरू नये म्हणून गेटर, म्हणजे बूट आणि पोटरीवर बांधायचं आवरण, हवेतच. ओले बूट तंबूच्या दाराशी ठेवले तर सकाळी लाकडासारखे कडक होतात. प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवा.

बोट पांढरं, मेणासारखं आणि बधिर झालं तर चोळू नका, शेकोटीवरही धरू नका. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात शेकायचं, तेही पुन्हा गोठणार नाही याची खात्री असेल तरच. वितळून परत गोठलेलं बोट जास्त खराब होतं.

प्रश्न: मायक्रोस्पाइक घ्यावेत की क्रॅम्पॉन? (महाल)

उत्तर: मळलेल्या, घट्ट बर्फाच्या वाटेला मायक्रोस्पाइक, म्हणजे बुटावर ताणून चढवायचे छोटे धातूचे दात. क्रॅम्पॉनचे दात लांब आणि टोकदार; त्यांना कडक तळाचा बूट आणि आइस अॅक्स (बर्फातली कुदळ) वापरायचा सराव लागतो. स्पाइक निसरड्याच्या आधीच, सपाट जागी चढवा. दुपारी बर्फ मऊ झाला की दातांत गोळे अडकतात आणि पकड जाते; काठीने ठोकून पाडत चला.

प्रश्न: पाणी आणि गॅस गोठतो का? (मानेवाडा)

उत्तर: पाणी वरून गोठायला लागतं, म्हणून बाटली उलटी ठेवा, झाकणाशी पाणी राहतं. पाठीवरच्या सॅकमधल्या पाण्याच्या पिशवीची प्यायची नळी मात्र आधी गोठते, ती नकोच. स्टोव्हच्या डब्यातलं ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचं थांबतं, त्यामुळे डबा भरलेला असूनही ज्योत मरते. आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या आणि रात्री डबा पांघरुणात ठेवा. बर्फ वितळवताना भांड्यात आधी घोटभर पाणी घाला, नाहीतर भांडं करपतं. बंद तंबूत स्टोव्ह कधीही पेटवू नका; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रश्न: नागपुरात बर्फ कुठला! तयारी कशी करू? (प्रतापनगर)

उत्तर: पाठीवर ८ किलो घेऊन सेमिनरी हिल्सचा चढ किंवा इमारतीचे जिने, आठवड्यातून चार दिवस, निदान दोन महिने. उतरण्याचा सराव विसरू नका, गुडघे तिथेच बोलतात. पण दमसास चांगला म्हणून उंची बाधत नाही असं नाही. आपलं शहर जेमतेम ३१० मीटरवर, केदारकांठाचा माथा सुमारे ३,८०० वर. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरहून जास्त वाढवू नये. डोकं दुखून मळमळलं तर आणखी चढू नका. चालताना तोल जायला लागला तर रात्र असली तरी कुणाला तरी सोबत घेऊन खाली उतरा.

उन्हाळ्यात चेहऱ्याला गुंडाळता तो दुपट्टा न्या, नाकावर आणि गालांवर तो उत्तम काम करतो. डोळ्यांना मात्र बाजूंनी बंद असलेला गडद गॉगलच हवा. ताजा बर्फ अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, ढग असले तरी. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग काही तासांनी, बहुधा रात्री सुरू होते.