‘सवय’ नको, ‘पूर्वसज्जता’ म्हणा

प्रश्न : नौपाड्यातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर मला हृदयविकारावर मराठीतून बोलायचं आहे. हृदयाचं रक्त आधी थोडा थोडा वेळ थांबून परत आलं, तर पुढच्या मोठ्या अडथळ्यात त्याचं नुकसान कमी होतं; या ‘इस्केमिक प्रीकंडिशनिंग’ला ‘रक्ताल्पतेची सवय’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर : नको. ‘रक्ताल्पता’ म्हटलं की निम्म्या कट्ट्याला आपला हिमोग्लोबिनचा रिपोर्ट आठवेल. इथे रक्त कमी नसतं, हृदयाच्या एका भागाला ते पोचत नसतं. ‘इस्केमिया’च्या मूळ ग्रीक शब्दातही ‘रक्त अडवणं’ हाच अर्थ आहे. मी ‘खंड’ म्हणेन. पावसाने खंड दिला म्हणताना तो परत येणार हे धरलेलंच असतं, आणि इथे तर सगळी गंमत त्या परत येण्यातच आहे.

१९८६ साली मरी, जेनिंग्ज आणि रायमर या अमेरिकी संशोधकांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक धमनी ५ मिनिटं बंद, ५ मिनिटं खुली असं चार वेळा केलं. मग तीच सलग ४० मिनिटं बंद ठेवली. असे खंड न दिलेल्या हृदयांच्या मानाने मेलेला भाग जेमतेम पाव भरला. धमनी ३ तास बंद ठेवली तेव्हा मात्र फायदा उरला नाही.

‘सवय’ फसते ती इथे. सवय जडली की सुटत नाही. हे संरक्षण दोन-तीन तासांत ओसरतं, साधारण दिवसभराने पुन्हा येतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. शिवाय पेशी सोसायला शिकतात असंही नाही. खंड पडला की अ‍ॅडेनोसिनसारखी द्रव्यं सुटतात, त्यांच्या इशाऱ्याने पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका (मायटोकाँड्रिया) सावध होतात आणि पुढे रक्त परत येतानाचा तडाखा त्यांना कमी बसतो. म्हणून ‘पूर्वसज्जता’. ‘पूर्वानुकूलन’ही बरोबर आहे, पण माइकवर दोनदा म्हणून बघा!

तलावपाळीच्या पहिल्या फेरीत छाती आवळते, बाकावर टेकलं की थांबते, दुसरी फेरी मात्र निभते, असं कुणीतरी सांगेलच. हा ‘वॉर्म-अप अंजायना’. त्यामागे पूर्वसज्जता असू शकते, पण त्या गृहस्थांना आधी हृदयरोगतज्ज्ञाकडे धाडा.

दंडाला बीपीचा पट्टा आवळून-सोडून, म्हणजे हाताच्या रक्ताला असे खंड देऊन, हृदय वाचवू पाहण्याला ‘दूरस्थ सज्जता’ म्हणता येईल. हार्ट अटॅक सुरू झाल्यावर तो आवळला तर ‘पूर्व’ लावायचं कारण नाही. २०१५ मध्ये हृदयशस्त्रक्रियेच्या आणि २०१९ मध्ये हार्ट अटॅकच्या रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचण्यांत त्याचा फायदा दिसला नाही. घरचं बीपी मशीन घेऊन हा प्रयोग कुणी करू नये, एवढं कट्ट्यावर जरूर सांगा.