न वाचलेल्या पुस्तकांचं काय करायचं? वाचकांचे प्रश्न, ग्रंथपालबाईंची उत्तरं

माझी सगळी नोकरी ग्रंथालयात गेली. आधी देवघेव विभागात, मग तालिकाकरणाच्या, म्हणजे पुस्तकांच्या विषयवार नोंदी करण्याच्या टेबलावर. त्यामुळे ‘कोणतं पुस्तक वाचू?’ असं मला फारसं कोणी विचारत नाही. विचारतात ते असलेल्या पुस्तकांचं काय करायचं हे. या महिन्याच्या पत्रांतली काही निवडली आहेत. पत्रं थोडी कापली आहेत, तेवढं चालवून घ्या.

प्रश्न: माझं वय 58. न वाचलेली पुस्तकं परवा मोजली, 340 भरली. वर्षाला साधारण 20 वाचून होतात आणि 30 नवी येतात. ‘यंदा खरेदी बंद’ असं दर वर्षी ठरवतो, महिनाभर टिकतं. ही पुस्तकं संपवण्याची एखादी पद्धत सांगा. कपाटासमोर उभं राहिलं की अपराधी वाटतं.

उत्तर: आकडे तुम्हीच दिलेत म्हणून आधी ते मांडू. आजपासून एकही पुस्तक घरात आलं नाही तरी 340 वाचायला तुम्हाला 17 वर्षं लागतील. तेव्हा तुम्ही 75 वर्षांचे असाल. खरेदी आत्तासारखीच चालू राहिली, तर त्याच 17 वर्षांत ढीग 510वर जाईल. म्हणजे वाचून हा ढीग संपणार नाही. तो कमी होईल तो पुस्तकं काढून टाकूनच, आणि त्यासाठी वाचनाचा वेग वाढवण्याची काही गरज नाही.

ग्रंथालयात याला निर्लेखन म्हणतात. दाखल नोंदवहीत पुस्तक येताना जशी ओळ लिहिली जाते, तशीच ते बाद होतानाही शेऱ्याच्या रकान्यात नोंद होते. नवी आवृत्ती आली, माहिती जुनी झाली, पानं सुटली, पुस्तक दुसरीकडे सहज मिळतं, अशी कारणं असतात. त्यात कोणाला पाप लागत नाही. घरातल्या पुस्तकांच्या बाबतीत मात्र माणसं एकदम हळवी होतात.

एक सुट्टी काढा. एकेक पुस्तक हातात घ्या आणि ‘मी हे का घेतलं होतं?’ एवढंच स्वतःला विचारा. ‘वाचणार आहे का?’ असं विचारू नका, त्याला आपण सगळेच ‘हो’ म्हणतो. का घेतलं याचं उत्तर जास्त खरं येतं. तेव्हा त्या विषयाचं वेड होतं आणि आता ते ओसरलंय, असं निघालं तर पुस्तक जाऊ द्या. ‘सगळे त्याविषयी बोलत होते’ या उत्तराकडे मी सर्वांत संशयाने बघते. ते सगळे आता दुसऱ्याच पुस्तकाविषयी बोलत असतात. लेखकाचं आधीचं काही आवडलं होतं म्हणून घेतलं असेल तर ठेवा. भेट आलेल्या पुस्तकाला हा प्रश्न लागूच पडत नाही, तिथे तुमचं तुम्ही बघा. आणि कोश, चरित्रकोश, समग्र वाङ्मयाचे खंड, पत्रसंग्रह हे आधी मोजणीतूनच वगळा. ती लागतील तेव्हा उघडायची पुस्तकं आहेत. ती ‘न वाचलेली’ कशी असतील? तुमच्या 340मधली बरीच याच सदरात निघतील असा माझा अंदाज आहे.

उरलेल्यांतून 12 निवडा आणि डोळ्यांसमोरच्या एका फळीवर ठेवा. जाड-बारीक, हलकी-जड अशी मिसळ असू द्या, म्हणजे थकून आल्यावरही हाताला काहीतरी लागेल. बाकीचं सगळं भांडार. मोठ्या ग्रंथालयात खुली मांडणी वेगळी आणि भांडार वेगळं असतं ना, तसंच. पुढचं पुस्तक निवडायचं ते या 12मधूनच. एक संपलं किंवा सोडलं की भांडारातून एक वर आणायचं. 340 पुस्तकांसमोर माणूस निवड करतच नाही, नुसता उभा राहतो. तुमचं अपराधीपण बहुतेक त्या उभं राहण्यातूनच येतंय.

खरेदी बंद करू नका, ती बंद होत नाही हे तुम्हीच लिहिलंय. पुस्तक घरी आलं की मात्र त्याच दिवशी एका चिठ्ठीवर तारीख आणि ते का घेतलं याची एक ओळ लिहून आत ठेवा. अशी ओळ लिहावी लागणार हे ठाऊक असलं की दुकानात हात आपोआप आखडतो.

एक राहिलं. तुमच्या पत्राच्या शेवटी इटालियन कादंबरीकार उंबेर्तो एको यांचा दाखला आहे. मिलानच्या घरी त्यांची 30,000च्या आसपास पुस्तकं होती आणि ती सगळी वाचलेली नव्हती, हे खरं. पण हा माणूस त्या पुस्तकांतून लिहीत होता, शिकवत होता. त्यांचा तो कारखाना होता. आपण वाचकांनी त्यांच्या आड लपू नये.

प्रश्न: मी 27 वर्षांची आहे. वाचनाच्या अ‍ॅपवर वर्षाला 52 पुस्तकांचं लक्ष्य ठेवलंय. आत्ता मी 14 पुस्तकं मागे आहे, म्हणून हल्ली पातळ पुस्तकं शोधून वाचते. हे चुकीचं आहे का?

उत्तर: पातळ पुस्तकं वाचण्यात चूक काहीच नाही. ती पातळ आहेत म्हणून वाचणं, यात गडबड आहे. चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी 1975मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण मांडलं. त्याचा पुढे रूढ झालेला अर्थ असा, की एखादं माप हेच उद्दिष्ट झालं की ते चांगलं माप राहत नाही. ते बँकांविषयी बोलत होते, पण तुमच्या अ‍ॅपलाही ते लागू पडतंय.

मुळात ‘एक पुस्तक’ हे मापच फसवं आहे. 80 पानांचा कवितासंग्रह आणि 900 पानांची कादंबरी, दोन्ही अ‍ॅपच्या लेखी एकेक. आणि कवितासंग्रह ‘वाचून झाला’ म्हणजे नक्की काय झालं? पानं मोजली तरी तेच. तत्त्वज्ञानाचं एक पान आणि रहस्यकथेचं एक पान यांना सारखा वेळ लागत नाही.

अ‍ॅप काढून टाका असं मी म्हणणार नाही, नोंद ठेवायला ते सोयीचं असतं. लक्ष्याच्या चौकटीत फक्त 1 हा आकडा टाका. पहिलं पुस्तक संपलं की लक्ष्य पूर्ण, पुढचं वर्षभर कोणी मागे लागणार नाही. मग जाड पुस्तकाला हात लावून बघा.

प्रश्न: मी नववीत आहे. अर्धवट पुस्तक सोडलं की आई म्हणते, हातात घेतलेलं पुरं करावं. कंटाळवाणं पुस्तक सोडलं तर चालतं का?

उत्तर: चालतं. (आईला हे उत्तर दाखव, पण पाठ्यपुस्तकं यात धरलेली नाहीत हेही दाखव.) नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपालबाईंचा एक नियम आहे. पहिली 50 पानं वाचायची. तोवर पुस्तकाने धरलं नाही तर सोडून द्यायचं. पन्नाशी ओलांडलेल्यांनी 100तून आपलं वय वजा करायचं आणि उरतील तेवढीच पानं वाचायची. म्हणजे 70 वर्षांच्या आजोबांना 30 पानं पुरेत. तुला मात्र पुरी 50, सवलत नाही.

सोडताना वहीत पान नंबर लिही आणि पुढे दोनपैकी एक शेरा मार: ‘आत्ता नको’ किंवा ‘कधीच नको’. पंधराव्या वर्षी सोडलेलं पुस्तक पंचविसाव्या वर्षी एका बैठकीत संपवलेली माणसं मी काउंटरवर पुष्कळ पाहिली आहेत. ‘आत्ता नको’ची यादी जपून ठेव.

प्रश्न: गेली अनेक वर्षं मी वाचताना टिपणं काढतो. वह्या भरल्यात, पण हवं ते टिपण वेळेला कधीच सापडत नाही. विषयवार वह्या करून पाहिल्या. काही वह्या कोऱ्या राहिल्या आणि एक तुडुंब भरली. काय करावं?

उत्तर: विषयवार वह्यांचं नेहमी असंच होतं, कारण पुढे आपण काय वाचणार हे आधी ठाऊक नसतं. टिपणं ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने एकाच वहीत लिहा आणि सगळी मेहनत सूचीवर घ्या. हा उपाय जुना आहे. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने टिपणवहीच्या सूचीची एक पद्धत 1686मध्ये फ्रेंचमध्ये छापली. त्यांच्या मृत्यूनंतर 1706मध्ये ती इंग्रजीत आली. वहीच्या सुरुवातीला दोन पानांवर कोष्टक आखायचं, प्रत्येक अक्षरासमोर पाच स्वरांच्या पाच ओळी. टिपणाला एक मुख्य शब्द द्यायचा. त्याचं पहिलं अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर बघून त्या घरात पान नंबर टाकायचा.

मराठीत हे आणखी सोपं आहे, कारण ही जोडी आपण बाराखडीत पाठच केलेली असते. मी स्वतः प्रत्येक व्यंजनाला सहाच घरं ठेवते: अ, आ, इ-ई, उ-ऊ, ए-ऐ, ओ-औ. ऱ्हस्व-दीर्घ एकाच घरात घातले की शब्द कसा लिहिला होता यावर शोध अडत नाही. ‘दुष्काळ’ आणि ‘दूत’ दोन्ही द-उ मध्ये. जोडाक्षर असेल तर पहिलं व्यंजन आणि पुढे येणारा स्वर घ्यायचा, म्हणजे ‘प्रवास’ प-अ मध्ये आणि ‘स्त्री’ स-ई मध्ये. अनुस्वाराकडे दुर्लक्ष करायचं. स्वराने सुरू होणाऱ्या शब्दांसाठी खाली एक वेगळी ओळ. ङ आणि ञ अर्थातच गाळा, ण आणि ळ यांनाही जागा देऊ नका.

एका घरात दहा-बारा पान नंबर जमले तरी बिघडत नाही, तेवढी पानं चाळायला दोन मिनिटं पुरतात. मुख्य शब्द निवडताना मात्र सावध राहा. टिपण लिहिताना सुचलेला शब्द आणि शोधताना आठवणारा शब्द वेगळे असतात. ‘उदासीनता’ असं भारदस्त लिहून ठेवाल आणि सहा महिन्यांनी ‘कंटाळा’ शोधत बसाल. तालिकाकार म्हणून माझा सगळा जन्म याच भांडणात गेला. शंका आली की दोन्ही शब्दांच्या घरात पान नंबर टाकायचा, शाई काही फार लागत नाही. जुन्या वह्या अर्थातच एका दमात होणार नाहीत. जी उघडाल तिची सूची तेव्हा करा, बाकीच्या राहू देत.

प्रश्न: लोक पुस्तकं नेतात आणि परत करत नाहीत. मागायला संकोच वाटतो.

उत्तर: संकोच कधी वाटतो माहीत आहे? कोणाकडे दिलंय ते आठवत नसतं तेव्हा, सरसकट सगळ्यांवर संशय घ्यावा लागतो म्हणून. देताना नेणाऱ्याच्या समोर वही उघडा आणि त्यालाच नाव आणि तारीख लिहायला सांगा. हस्ताक्षर त्याचं असलं की पुस्तक लवकर परतीच्या वाटेला लागतं. आणि जे परत आलं नाही तर जिवाला लागेल, ते देऊच नका. ‘हे मी देत नाही’ असं हसून म्हणता येतं.

प्रश्न: ऐकलेलं पुस्तक ‘वाचलेलं’ धरायचं का?

उत्तर: धरा. पुढे ‘ऐकलं’ असं लिहा, म्हणजे नंतर त्यातलं पान शोधत बसणार नाही.

प्रश्न: नोंद वहीत ठेवावी, फोनवर, की कॉम्प्युटरवर? तीनदा सुरुवात करून तिन्ही वेळा सोडलंय.

उत्तर: तुम्ही काय काय लिहायला घेतलं होतं ते पत्रात आहे: प्रकाशक, आवृत्ती, पृष्ठसंख्या, तारे, सारांश, आवडलेली वाक्यं. दमलात यात नवल नाही. ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत इतके रकाने असतात खरे, पण ते भरायला पगारी माणूस असतो. घरी पाच पुरतात: नाव, लेखक, का घेतलं, कधी संपलं किंवा कितव्या पानावर सोडलं, आणि शेरा. शेरा एका ओळीत.

चार्ल्स डार्विन यांनी 1838पासून 1860पर्यंत वाचनाच्या नोंदी ठेवल्या होत्या; वाचायच्या पुस्तकांची यादी वेगळी, वाचलेल्यांची वेगळी. तेवढ्यावर त्यांचं भागलं. वही चांगलीच. तिला चार्जिंग लागत नाही, पण तिच्यात शोधता येत नाही. 200च्या वर पुस्तकं असतील तर कॉम्प्युटरवरची साधी तक्ता-फाइल बरी.

फोनवरच्या अ‍ॅपने मागचा बारकोड वाचून माहिती आपोआप भरते, म्हणून लोक खूश असतात. तो बारकोड आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचा असतो. 2007पासून हा क्रमांक 13 अंकी आहे, त्याआधी तो 10 अंकी होता. त्याहून जुन्या बऱ्याच पुस्तकांना क्रमांकच नसतो आणि ती हातानेच भरावी लागतात. मराठी पुस्तकांची नावं अशा अ‍ॅपवर कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये, तीही दोन-तीन स्पेलिंगांनी सापडतात. एकच पुस्तक तीन ठिकाणी, आणि आपली नोंद चौथ्याच ठिकाणी. म्हणून काहीही वापरलंत तरी नावं देवनागरीत ठेवा, लेखकाचं आडनाव आधी लिहा आणि ते प्रत्येक वेळी तसंच लिहा.

अ‍ॅप निवडताना मी एकच बघते: आपली यादी फाइल म्हणून बाहेर काढता येते का. गुडरीड्स आणि लायब्ररीथिंग दोन्हींत ती सोय आहे. ही अ‍ॅप विकली जातात, मालक बदलतात; गुडरीड्स 2013मध्ये अ‍ॅमेझॉनने घेतलंच. वर्षातून दोनदा यादी उतरवून स्वतःजवळ ठेवा. आणि जुनं सगळं भरून काढायच्या मागे लागू नका. आत्ता जे हातात आहे त्या पुस्तकापासून सुरू करा. मागची जशी आठवतील तशी, तारखेशिवाय, खाली लिहीत जा.