घरी बिअर बनवायचा छंद आहे. नोकरी सोडून ब्रुअर व्हावं का?

लगेच सोडू नका. आधी दोन-तीन महिने शनिवार-रविवार एखाद्या मायक्रोब्रुअरीत (बिअरच्या छोट्या कारखान्यात) हाताखाली काम करून बघा. मी पुण्यात सहा वर्षं ब्रुअर आहे आणि माझा निम्म्याहून जास्त दिवस धुण्यात जातो: टाकीतून गरम कॉस्टिक सोडा फिरवा, पाण्याने खळबळा, मग जंतू मारायला पेरासेटिक ॲसिड. घरी 20 लिटरला 4-5 किलो माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) पुरतं. इथे 1000 लिटरला 200 किलोच्या आसपास लागतं, आणि रस काढून घेतला की वाफाळता चोथा फावड्याने उपसायचा, तोही भिजून आणखी जड झालेला. नवीन रेसिपी वर्षातून चार-पाचदा; एरवी तीच गव्हाची बिअर मागच्या खेपेसारखीच लागली पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक ग्लास परत पाठवतं. एवढं करूनही सोमवारी हात शिवशिवले तर खुशाल या. सूक्ष्मजीवशास्त्र किंवा फूड टेक्नॉलॉजी शिकला असाल तर मात्र गोष्ट वेगळी, लॅबच्या बाजूने शिरणं सोपं जातं. आणि महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे, तेव्हा मुलाखतीला बाटल्या घेऊन जाऊ नका.