वाचक विचारतात : बर्फाच्या उतारावर पहिल्यांदा

प्रश्न : फेब्रुवारीत आम्ही चौघं स्कीइंग शिकायला जाणार आहोत. गुलमर्ग बरं की औली? (एक वाचक, चोपडा)

शिकायला दोन्ही चांगली. औलीत गर्दी कमी, आणि गढवाल मंडळ विकास निगमाचे 7 व 14 दिवसांचे वर्ग असतात. पण जानेवारी 2023 मध्ये पायथ्याच्या जोशीमठची जमीन खचली तेव्हा तिथला रोपवे बंद करावा लागला, त्यामुळे वर रस्त्यानेच जायचं असं धरून चाला. शिवाय बर्फच पडला नाही म्हणून औलीच्या स्पर्धा रद्द झाल्याचीही वर्षं आहेत. एवढ्या लांबून जायचं तर आमचा कौल गुलमर्गला. नवख्यांचे उतार गावालगतच, सुमारे 2,650 मीटरवर आहेत. जोराची बर्फवृष्टी झाली की पायथ्याच्या तंगमर्गच्या पुढे चाकांना साखळ्या लावलेलीच गाडी वर जाते; ते भाडं हिशेबात धरा. आणि आपल्याकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मिरात चालत नाही. चौघांत निदान एक पोस्टपेड हवंच.

प्रश्न : मागच्या वर्षी भाड्याच्या बुटांनी नडगीवर वळ उठले आणि तासाभरात बोटं बधिर झाली. एक नंबर मोठा घेऊनही त्रास तोच. (एक वाचक, भुसावळ)

मोठा घेतलात म्हणूनच. ढिल्या बुटात टाच उचलली जाते, पाय पुढे सरकतो आणि नडगी बुटाच्या वरच्या भागावर आपटत राहते. मग आपण बकलं करकचून आवळतो, रक्त अडतं, बोटं बधिर होतात.

स्कीच्या बुटाचा नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. घरीच भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजा. 26 भरले तर 26 किंवा 26.5 मागा. पायमोजा एकच, पातळ आणि पोटरीपर्यंतचा. दोन घातले की चुण्या पडतात. थर्मलची कड बुटाच्या आत जाऊ देऊ नका, नडगीवरचे वळ पुष्कळदा तिचेच असतात.

बूट चढवला की टाच दोन-तीनदा जमिनीवर आपटून मागे बसवा. पावलावरची बकलं नुसती अडकवा, घोट्याजवळची घट्ट करा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे पुढे वाकवले की सुटली पाहिजेत. तरीही टाच वर येत असेल तर नंबर कमी करा. दहा मिनिटं तसेच उभे राहा. दुकानदार घाई करेल, करू द्या.

तिथेच तो तुमचं वजन विचारेल, कारण पडल्यावर बूट कितव्या जोराला स्कीतून सुटावा हे वजन, उंची, वय, सराव आणि बुटाच्या तळाची लांबी यांवर ठरतं. लाजून वजन कमी सांगितलंत तर स्की भलत्या वेळी सुटते. शेखी मिरवत सराव जास्त सांगितलात तर पडताना सुटतच नाही आणि गुडघा पिळवटतो.

प्रश्न : आई बासष्ट वर्षांची, रक्तदाबाची गोळी चालू आहे. गुलमर्गच्या गोंडोलाने (रोपवेने) शेवटपर्यंत नेऊ का? (एक वाचक, शहादा)

पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, सुमारे 3,080 मीटर. दुसरा अफरवत डोंगराच्या खांद्यावर, जवळपास 3,950 मीटर. आपलं तोरणमाळ अकराशेच्या आसपास आहे, यावरून अंदाज करा. वरच्या स्थानकावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ-बासष्ट टक्केच उरतो. आधी डॉक्टरांना विचारा, गुलमर्गात एक रात्र काढा, मग पहिल्या टप्प्यापर्यंत न्या. दुसरा आमच्या मते टाळावा. वारा सुटला की तो टप्पा बंदही ठेवतात. तिकिटं आधीच ऑनलाइन काढा.

तरुण मंडळींसाठी एक : वरून आखलेल्या वाटेबाहेर उतरू नका. फेब्रुवारी 2023 आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तिथे हिमकडे कोसळून परदेशी स्कीपटू दगावले.

प्रश्न : घरचे स्वेटर, जीन्स आणि माकडटोपी चालेल ना? (एक वाचक, अमळनेर)

माकडटोपी चालेल, भरीत पार्टीला चालते तशीच. जीन्स मात्र नको, भिजली की सुकत नाही. आत घाम शोषून बाहेर टाकणारं थर्मल, मध्ये स्वेटर, वर पाणी न शिरणारं जॅकेट आणि पँट. सुती बनियन घरीच ठेवा. गॉगल घ्याच, ताजा बर्फ उन्हातले अतिनील किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत परतवतो, डोळे संध्याकाळी आग आग होतात. तो कपाळावर चढवू नका, घामाने आतून धुकं धरतं.

प्रश्न : पडल्यावर उठताच येत नाही, स्की घसरत राहतात. (एक वाचक, यावल)

स्कीची टोकं उताराच्या दिशेने असतील तर उठताना घसरणारच. आडवं पडूनच दोन्ही स्की उताराच्या खालच्या अंगाला आणा आणि उताराला आडव्या, एकमेकींना समांतर करा. पाय पोटाशी घ्या, वरच्या बाजूचा हात बर्फावर टेकवून रेटा. नाहीच जमलं तर हातातल्या पोलच्या (काठीच्या) टोकाने बुटामागचा खटका दाबून वरच्या बाजूची स्की काढा, उभे राहा. पुन्हा घालण्याआधी बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ खरवडून काढा. अर्ध्या सेंटिमीटरचा थर राहिला तरी बूट नीट बसत नाही आणि पहिल्याच वळणावर स्की निघून जाते. आधी चवडा पुढच्या खाचेत, मग टाच खाली दाबा. खट्ट असा आवाज आला नाही तर परत काढा.