वडिलांच्या गळ्यात ट्रॅकिओस्टॉमीची नळी आहे. त्यांना परत बोलता येईल का? तोंडाने थोडं पाणी दिलं तर चालेल का?

पाण्याचं आधी सांगते. तपासणी झाल्याशिवाय चमचाभरसुद्धा नाही.

आमच्या आबांना जीबी सिंड्रोम झाला, म्हणजे नसांचा आजार, त्यात हातपाय, श्वासाचे स्नायू लुळे पडतात. व्हेंटिलेटर लांबला, म्हणून गळ्यात नळी टाकली. लगेच अख्ख्या भाऊबंदकीत बातमी, "आबानी वाचा गई!" अहो, वाचा कुठे जाते? स्वरयंत्र जागच्या जागी असतं, नळी त्याच्या खाली बसते. हवा खालच्या खालीच आत-बाहेर करते, स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही. भाता न मारता पेटी वाजेल का?

तेवढ्यात आमचे नाना, आबांचे धाकटे भाऊ, रिटायर्ड मास्तर, आयसीयूत डब्यातून कुस्करलेलं केळं घेऊन हजर. गळ्यातल्या नळीभोवती आतून हवेचा छोटा फुगा असतो. नाना म्हणे, नळीला फुगा आहे ना, श्वासनलिका बंद, मग छातीत जाईलच कसं? मी त्यांचा चमचा अडवला तर सगळ्यांसमोर, "बापले उपाशी मारशी का?" नाकातल्या नळीने फीड चालू होतं, ते त्यांना दिसत नव्हतं.

मास्तर, तो फुगा स्वरयंत्राच्या खाली असतो. तिथवर घास पोचला म्हणजे तो वाट चुकलेलाच आहे. फुग्यावर साचतो, कडेने झिरपतो आणि न्यूमोनिया होतो. फुगा जास्त फुगवला तर मागची अन्ननलिका दाबली जाते ती वेगळीच. आणि "ठसका लागला नाही म्हणजे नीट गिळलं" हेही खूळच. कित्येकांना घास छातीत गेला तरी ठसका लागत नाही.

हॉस्पिटलात स्पीच थेरपिस्ट नव्हत्या, आम्ही बाहेरून बोलावल्या. तुम्हीही हट्टाने मागा. त्यांनी जिभेवर निळा रंग टाकला आणि नर्सने नळीतून सक्शन केलं, तर कफ निळा! म्हणजे तोंडातली लाळसुद्धा श्वासनलिकेत उतरत होती. नानांना दाखवलाच असता, पण ते रुसून चाळीसगावला गेले होते.

पुढे फुग्यातली हवा सोडून नळीवर बोलायचा व्हॉल्व्ह लावला. श्वास नळीतून आत, पण बाहेर पडताना वर स्वरतंतूंमधून. आबांचा घोगरा, ओलसर आवाज आला, "चाय कोठे शे?" चहा मात्र बऱ्याच उशिरा मिळाला. आवाज आला म्हणजे गिळणं सुधारलं असं नाही.

आता आबा शेवभाजी ओरपतात. नाना अजून लग्नाकार्यात सांगतात की या पोरीने माझ्या भावाला केळं खाऊ दिलं नाही.

हो, आबांचा मेंदू शाबूत होता, नुसते स्नायू लुळे पडले होते. लकवा किंवा डोक्याला मार असेल तर गणित वेगळं. निळा रंग आला नाही म्हणजे सगळं ठीक असंही नाही, नाकातून दुर्बीण घालून गिळणं बघतात ती तपासणी जास्त भरवशाची. आणि फुगा फुगलेला असताना व्हॉल्व्ह कधीच लावायचा नाही, श्वास बाहेर पडायला वाटच उरत नाही. लावताना दरवेळी नर्सला विचारा, फुगा सोडलाय का. चिडल्या तर चिडू द्या.