टाचेला बाण लागून ग्रीक वीर अकिलीज मेला, हे होमरच्या ‘इलियड’मध्ये आहे का?

नाही, ‘इलियड’मध्ये टाचेची गोष्टही नाही आणि अकिलीजचा मृत्यूही नाही, ते महाकाव्य ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यविधीपाशी संपतं. आई थेटिसने अकिलीजला टाचेला धरून पाताळातल्या स्टिक्स नदीत बुडवलं आणि टाच सोडून त्याचं सगळं अंग अभेद्य झालं, ही कथा आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः रोमन कवी स्टेशियसमुळे, इसवी सनाच्या पहिल्या शतकात. होमरचा अकिलीज अभेद्य नाहीच. २१व्या सर्गात ट्रॉयच्या बाजूने लढणारा अ‍ॅस्टरोपायस दोन्ही हातांनी एकदम दोन भाले फेकतो. एक ढालीवर आदळतो, दुसरा अकिलीजच्या उजव्या हाताला खरचटून जातो आणि काळं रक्त उसळतं. मला हा जखमी होऊ शकणारा अकिलीजच जास्त मोठा वाटतो. मात्र त्याच्या मरणाचं भाकीत तिथे आहे: माझा भाऊ पॅरिस आणि अपोलो देव तुला ट्रॉयच्या स्कीयन वेशीपाशी मारतील, असं हेक्टर शेवटचा श्वास घेताना २२व्या सर्गात सांगतो.