शाळेतल्या मानसशास्त्रज्ञांना परवाना सक्तीचा केला तर सरकारवर किती बोजा पडेल?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत राज्यं शाळेतल्या मानसशास्त्रज्ञांना परवाना देतात, तसं इथे केलं तर जनतेच्या पैशातून किती जाईल आणि ते परवडेल का. हिशेब खाली करतो. पण परवाना नसल्याचा खर्चही कुणीतरी भरतोच आणि त्यातला थोडा मी भरलाय, म्हणून आधी ते.

मी परळचा. बेस्टमध्ये कंडक्टर होतो. तिकीट द्यायला मला आरटीओचं लायसन्स लागलं, बिल्ला लागला, डॉक्टरचा दाखला लागला. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्रही काढावं लागलं. मोडलेल्या हाताला झोळी कशी बांधायची ते मी तिथे शिकलो, आणि एकदा दादर टीटीला एक आजी पायरीवरून घसरल्या तेव्हा ते कामाला आलं. त्यामुळे परवाना म्हणजे नुसता कागद, असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

२०१८ साली मुलगा आठवीत होता, मराठी माध्यमात. घ आणि ध मध्ये गोंधळ, वेलांट्या उलट्यासुलट्या, वाचायला बसला की घाम फुटायचा. पण घरातला मिक्सर बिघडला तर तोच उघडून नीट करायचा. शाळेत आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक म्हणून एक बाई यायच्या. त्यांनी ४,५०० रुपये घेतले आणि चाचणी केली. प्रश्न इंग्रजीतून. पोराला शब्दच कळेनात, अर्धा वेळ गप्प बसून राहिला. रिपोर्टमध्ये आलं: बुद्ध्यांक ७२. मुख्याध्यापक म्हणाले, शाळेतून दहावीला बसवायचा हट्ट धरू नका, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. बाईंचं शिक्षण सहा महिन्यांचा पत्रद्वारा डिप्लोमा, हे आम्हाला नंतर कळलं.

रिपोर्ट मी कपाटात ठेवला होता. पोराने तो शोधून वाचला. रात्री जेवताना वर न बघता विचारलं, "पप्पा, मी मंद आहे का?" पुढचे तीन आठवडे त्याने दप्तराला हात लावला नाही.

दहावीला सवलत हवी तर बोर्डाला सरकारी किंवा पालिकेच्या अधिकृत रुग्णालयाचाच दाखला लागतो. तेव्हा गेलो पालिकेच्या रुग्णालयात. १० रुपयांचा केसपेपर, पाच फेऱ्या, माझे पाच खाडे. तिथल्या मॅडम मराठीतून बोलल्या. टेबलावर लाल-पांढरे ठोकळे ठेवले आणि कार्डावरची नक्षी जुळवायला सांगितली. मी दाराच्या फटीतून बघत होतो. पोराने एकेक नक्षी अशी पटापट लावली की मॅडमनी घड्याळ बंद करून त्याच्याकडे बघितलं. बुद्ध्यांक १०४. निदान डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी ठीक पण वाचण्या-लिहिण्यात अडचण. जादा वेळ आणि लेखनिक मिळाला, पोरगा शाळेतूनच बसला आणि दहावी ६८ टक्क्यांनी पास झाला.

माझ्या साडूंचे डोंबिवलीला क्लासेस आहेत. हे सगळं ऐकून ते म्हणाले, "परवाना आला की दलाल आला. लायसन्सराज ९१ साली गेलं, तुम्ही परत आणा!" हा वाद आमच्यात आजही चालू आहे. माझं म्हणणं असं की एकाच मुलाची तपासणी दोनदा झाली. दुसरी जनतेच्या पैशाने झाली: बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, तिघांचे पगार पालिकेचे. आणि ज्या दिवशी माझा मुलगा आत बसला होता, त्या दिवशी दुसऱ्या कुणाचं तरी पोर रांगेत मागे गेलं. हा बोजा साडू कधी मोजतच नाहीत.

आता हिशेब. नोंदणीचा खर्च फार नाही, कारण शुल्क अर्जदार भरतो. यंत्रणाही शून्यातून उभी करायची नाही. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला, म्हणजे मानसिक त्रासाचं निदान आणि उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला, तिथे नोंदणी लागते. बिगरनोंदणी काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शाळेतला साधा समुपदेशक यात येत नाही. बाकीच्या मानसशास्त्रज्ञांसाठी २०२१ चा संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा झालाय, त्यात केंद्रात आयोग आणि राज्यात परिषदा आहेत. सरकारचा खरा पैसा जाईल तो शिकवण्यावर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं एम.फिल. म्हणजे रुग्णालयात दोन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली काम असायचं. अमेरिकेत शालेय मानसशास्त्रज्ञाच्या राष्ट्रीय प्रमाणपत्राला १,२०० तासांची इंटर्नशिप लागते, त्यातले निदान ६०० तास शाळेत. एवढे तास शेजारी बसून चुका दाखवणारा माणूस फुकट मिळत नाही. तिथे सरकारने हात आखडू नये. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमायला सांगितलंय. इतक्या शाळा एकदम माणसं शोधायला लागल्या आणि पात्र कोण हे बघणारं कुणी नसेल, तर पुन्हा सहा महिन्यांचे डिप्लोमावालेच भरले जातील.

एक मात्र मान्य करतो. मुलाचं ऐकून घेणाऱ्या प्रत्येक ताईला परवाना मागू नका, नाहीतर पालिकेच्या शाळेतल्या पोरांना तेवढंही मिळणार नाही. चाचणी घेऊन कागदावर आकडा लिहिणाऱ्यालाच मागा, आणि आधीपासून काम करणाऱ्यांना तीन-चार वर्षांची मुदत द्या. परवानेवालाही चुकू शकतो, पण मग तक्रार करायला जागा तरी असते. मी विचारायला गेलो तेव्हा शाळा म्हणाली, बाई सोडून गेल्या.

तुमच्या मुलाची तपासणी असेल तर आधी त्या व्यक्तीचा सीआरआर नंबर, म्हणजे पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक, विचारा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळा. चाचणी कुठल्या भाषेत होणार तेही विचारा. साडूंना हे सगळं अजून पटलेलं नाही. पुढच्या महिन्यात त्यांच्या नातीची तपासणी आहे, मी सोबत जाणार आहे.